सिस्टरची गाडी आणि तासलेलं शिंग

चहा कपात निवत चालला होता आणि बापलेकीची जुंपली होती. दातमोजे काकांनी लेकीच्या हातातला मोबाइल ओढून घेतला, हात लांब केला, डोळे बारीक केले आणि पडद्यावरच्या पांढऱ्या गाडीला खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारलं, "हिला चालवून बघितलंस का?"

"बाबा, फोटो आहे तो."

"तेच म्हणतोय मी. उभी आहे. उभं जनावर कुणालाही देखणं दिसतं."

"ही गाय नाही, बाबा."

"गाय नाही ते दिसतंय. गायीचा भाव इतका नसतो."

"द्या इकडे. यातलं तुम्हाला काही कळत नाही. आयुष्यात गाडीत किती वेळा बसलात सांगा."

"चार वेळा," काका म्हणाले. "त्यातल्या दोन वेळा ओकलो."

लेकीनं मोबाइल परत घेतला, स्कूटरला किक मारली आणि कामाला निघून गेली. काका निवलेला चहा तसाच प्यायले. आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे दुखणं त्यांना हल्ली रोज सकाळी चहाबरोबरच व्हायचं.

दातमोजे हे नाव त्यांना गावानं दिलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी जनावरांच्या तोंडात हात घातला होता. कुणाला गाय घ्यायची असो की बैल, काकांना बरोबर नेल्याशिवाय माणूस बाजाराची वाट धरत नसे. काका जनावराचं तोंड उघडायचे, दात बघायचे, शिंगाच्या बुडाशी बोटं फिरवून वळी मोजायचे. गाय जितक्या वेळा विते तितकी वळी शिंगावर पडत जातात, त्यामुळे शिंग म्हणजे तिचा जन्मदाखलाच. मग जनावर चालवायचे, बसवायचे, उठवायचे आणि शेवटी दोनच शब्द बोलायचे. "घ्या" किंवा "चला." त्या दोन शब्दांवर गावात जनावरं यायची किंवा यायची नाहीत.

आता गावात अकरा ट्रॅक्टर होते आणि बैलांच्या जोड्या उरल्या होत्या दोन. दुधाच्या गायी यायच्या त्या कानात पिवळा बिल्ला अडकवूनच, आणि त्या बिल्ल्यावर त्यांची जन्मतारीख असायची. दात मोजायला उरलं होतं कोण? काका स्वतःचेच दात मोजत बसायचे, आणि तेही आता फार वेळ पुरत नसत.

तरी गावात त्यांचा मान होता. "चाळीस वर्षांत एका जनावराचं वय खोटं सांगितलं नाही," हे वाक्य ते लग्नात म्हणायचे, गिरणीवर म्हणायचे, कुणी नुसतं "काय काका, बरं आहे ना?" विचारलं तरी म्हणायचे, आणि लोक माना डोलवायचे. हे वाक्य बोलताना काका विहिरीजवळच्या घराकडे बघायचं टाळतात, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. येण्याचं कारणही नव्हतं.

लेक आरोग्य केंद्रात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. तिच्याकडे नऊ वस्त्या होत्या, आणि नऊ वस्त्यांचे रस्ते म्हणजे काळी चिकट माती. पावसात त्या मातीत पाय घातला की चप्पल तिथंच राहायची. गेल्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला स्कूटरच्या मागच्या सीटवर बसवून सिस्टर दवाखान्याकडे निघाली होती. अर्ध्या वाटेत चाक सरकलं. सिस्टरचा गुडघा फुटला आणि बाई कशीबशी वाचली. मूल जन्माला आलं ते एका शेतातल्या मोटरच्या खोलीत, तेलाच्या डब्याशेजारी. मूल धडधाकट होतं, नावाजण्यासारखं रडलं. पण त्या दिवसापासून सिस्टरनं ठरवलं, गाडी घ्यायची. तिची मागणी एकच होती. मागं एक बाई आडवी झोपली पाहिजे.

सात वर्षांचं साठवलेलं होतं. तीन गणवेशांवर तिनं सात वर्षं काढली होती, आणि मोबाइलची काच फुटली तर त्यावर चिकटपट्टी लावून तोच चालवला होता. गेली ती रक्कम की पुन्हा सात वर्षं थांबा, एवढा साधा हिशेब होता. सात वर्षांत नऊ वस्त्यांत किती बायका अडतील हे तिला तोंडपाठ होतं.

सिस्टर गाडी घेणार ही बातमी गिरणीवर पोचली आणि पीठ दळायला आलेल्या माणसांना कामच मिळालं. कुणाचंही धान्य चक्कीत असो, बोलणं गाडीचंच.

"रंग पांढराच घ्या सिस्टर," गिरणीवाला म्हणाला. भुवयांपर्यंत पिठानं माखलेला असल्यामुळे पांढऱ्या रंगावर त्याचा अधिकार मानला जायचा. "विकताना किंमत येते."

"अजून घेतली नाही, तर विकायची कुठून?"

"घेतानाच विकण्याचा विचार करावा माणसानं." त्याची स्वतःची गाडी तीन वर्षांपूर्वी आली होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि ऊन असलं की रंग उडतो म्हणून, पाऊस असला की चिखल लागतो म्हणून तो गाडी बाहेर काढत नसे. दर रविवारी ती जागच्या जागी सुरू करायचा, पाच मिनिटं आत बसायचा आणि बंद करून परत यायचा.

"मी सव्वीस व्हिडिओ बघितले," निवृत्त मास्तर म्हणाले. ते सायकलवरून फिरायचे. "पडदा मोठा हवा. दहा इंचाच्या खाली जाऊ नका. आणि सुरक्षेचे पाच तारे बघून घ्या."

"छताला खिडकी पाहिजे," शिंपी म्हणाला.

"कशाला?"

"बाहेर बघायला."

"बाजूला चार खिडक्या असतात की."

"त्या सगळ्यांच्याच असतात."

सिस्टरनं विचारलं, "मागची सीट आडवी पडते का? बाई झोपवता येईल का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतका वेळ इतकी माहिती निघाली होती, पण मागच्या सीटवर बाई कुणीच ठेवून बघितली नव्हती. अखेर मास्तर म्हणाले, "पाच तारे आहेत म्हणजे पडत असणार."

कोपऱ्यात ज्वारीचा डबा घेऊन विहिरीजवळची मावशी बसली होती. एकटी बाई, सत्तरीची, कमी बोलणारी. तिनं विचारलं, "चिखलात रुतली तर ढकलायची कुणी?"

"मावशी, तुम्हाला यातलं कळत नाही," तिघेही एकदम म्हणाले. मावशीनं डबा पुढं सरकवला.

रविवारी गाडी आली. फोटोतली तीच पांढरी. गिरणीसमोरच्या मोकळ्या जागेत ती उभी राहिली तेव्हा लोकांनी आपोआप दोन पावलं मागं घेतली, लग्नात नवरी आल्यावर घेतात तशी. विकणारा माणूस खाली उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढा मोबाइल. त्यानं आधी चिखलाकडे बघितलं, मग बुटांकडे, आणि मग सगळ्यांकडे बघून हसला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी मुद्द्यांवर तपासलेली गाडी आहे," तो म्हणाला. "हे बघा. प्रत्येक मुद्द्याला हिरवी खूण. चाललीय फक्त बावीस हजार. डॉक्टरांची गाडी. फक्त रविवारी काढायचे."

"डॉक्टरची!" गर्दीत आनंदाची लाट उठली. जणू आता गाडीला कुठला रोग व्हायची भीतीच उरली नव्हती.

काका मागं काठी टेकून उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर ऐकून मात्र त्यांचे कान टवकारले. त्यांच्या बाजारात प्रत्येक म्हातारी गाय कुठल्या तरी सज्जन माणसाच्या दारचीच असायची. मास्तरची, नाही तर भजन म्हणणाऱ्या एखाद्या आजोबांची. लुच्च्या माणसाच्या घरची गाय बाजारात कधी यायचीच नाही.

ते पुढं झाले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी.

"बाबा," लेक दातओठ खात हळूच म्हणाली, "घरी जा."

"बघू दे की. बघायला पैसे पडतात का?"

"बघा ना काका, बघा," विकणारा मोठ्या मनानं म्हणाला. म्हातारी माणसं गाडीला हात लावून खूश होतात हे त्याला माहीत होतं.

काकांनी दार उघडलं, आत बसले आणि दार लावून घेतलं. नाक वर करून वास घेतला. आरशाला, समोरच्या जाळीला आणि सीटखाली, अशा तीन ठिकाणी सुगंधाच्या पुड्या होत्या. डॉक्टर फक्त रविवारी बसत होता, मग एवढं अत्तर कुणासाठी? त्यांनी पायाकडे बघितलं. पेडलवरचं रबर कोरं होतं, त्यावरचे काटे अजून बोटाला टोचत होते. पण हातातलं चाक डाव्या बाजूला घासून घासून गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. नवे दात आणि म्हाताऱ्या हिरड्या एकाच तोंडात काकांनी कधी बघितल्या नव्हत्या.

"आता चालवा," ते उतरून म्हणाले. "मी मागून बघतो."

लोक हसले. विकणाऱ्यानं गाडी गिरणीपासून वळणापर्यंत नेली आणि आणली. काका मागून चालत तिची चाल बघत होते. शिंपी म्हणाला, "आता शेपूट पिळतील." त्यावर सगळे पुन्हा हसले. लेकीनं मान खाली घातली.

काका मात्र विचार करत होते. विकणारा जनावर धुतो ते दिसतं तेवढंच. पाठ धुतो, तोंड धुतो, शेपटाचा गोंडा धुतो. खुरांच्या बेचक्यात हात घालत नाही. मग या जनावराची बेचकी कुठं असेल? दिसत नाही आणि धुतलीही जात नाही अशी जागा कुठली? त्यांची नजर दाराशेजारच्या खांबातून बाहेर आलेल्या काळ्या पट्ट्यावर गेली. त्यांनी तो धरला आणि विहिरीतून दोर ओढावा तसा हात हात ओढत गेले. पट्टा येत राहिला, येत राहिला, आणि अगदी शेवटची वीतभर लांबी बाहेर आली तेव्हा ती काळी नव्हती. फिकट, मातकट होती, आणि काळा रंग जिथं संपत होता तिथं आडवी सरळ रेघ होती.

काकांनी नखानं खरवडलं, बोटांत चोळलं, जिभेला लावलं.

"ही पायाची माती नाही," ते म्हणाले. "पायाच्या मातीत खडा लागतो. हा गाळ आहे, संथ पाण्यात बसलेला. ही गाडी खिडकीपर्यंत पुरात उभी होती. पोरी, हिचं इंजिन आज चालतंय, उद्या चिखलात मध्येच श्वास सोडेल, आणि मागं बाई असेल."

विकणारा हसला. "काका, लहान मुलांचे पाय लागले असतील पट्ट्याला."

"मुलं खांबाच्या आत पाय घालतात का?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी मुद्दे तपासलेत हो!"

"पट्टा शेवटपर्यंत ओढायचा मुद्दा आहे का त्यात?"

मास्तरांनी लगबगीनं त्या पाटीवर बोट फिरवलं. "आहे ना. त्र्याण्णवावा मुद्दा. सीटचा पट्टा." त्यांनी चष्मा सरळ केला आणि वाचलं, "पट्टा आहे."

"झालं तर मग!" गिरणीवाला म्हणाला. "काका, उगाच खोडा घालू नका. कंपनी कशाला खोटं बोलेल? यांचं ऑफिस आहे काचेचं, मी बाहेरून बघितलंय. आणि किलोमीटरचा आकडा कॉम्प्युटरमध्ये असतो. तो काय खोडरबरानं खोडता येतो?"

"चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय," विकणारा घड्याळ बघत सिस्टरला म्हणाला. "आजच्या आज ठरवलंत तर सीट कव्हर फुकट देतो."

सीट कव्हर फुकट म्हटल्यावर गर्दीचं मत पक्कं झालं. सिस्टरनं मोबाइल काढला. चिकटपट्टी लावलेल्या काचेवर पैसे पाठवायचं पान उघडलं. मग ती बापाकडे वळली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, थकलेला होता.

"बाबा, खरं सांगू? तुम्हाला आधी विचारलं नाही म्हणून तुम्हाला ही गाडी नकोय."

हे काकांना लागलं, कारण ते अर्धं खरं होतं.

"तसं नाही गं."

"मग एकच सांगा. इतकं लिहून दिलंय, सही आहे, शिक्का आहे. इतकी शिकलेली माणसं वय लपवून वस्तू कशाला विकतील? तुम्ही चाळीस वर्षं हाच धंदा केलात. तुम्ही केलंत का कधी असं?"

तिला वाटलं होतं बाबा नेहमीचं वाक्य म्हणतील, आणि मग आपण म्हणू, बघा, तुम्ही केलं नाही, तसं यांनीही केलं नसेल. काकांच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं, वर्षानुवर्षांच्या सवयीनं. नुसतं "नाही" म्हटलं की त्यांचं नाव राखलं जात होतं. आणि तेवढ्यानंच लेकीची सात वर्षं पाण्यात जात होती.

गर्दीच्या कडेला मावशी उभी होती. कमरेवर पिठाचा डबा.

"केलंय," काका म्हणाले.

गिरणीचा पट्टा आत फटफट करत होता, तेवढाच आवाज राहिला.

"बावीस वर्षं झाली. विहिरीजवळच्या वहिनींना तांबडी गाय दिली ती. त्यांचा नवरा जाऊन तीन महिने झाले होते. तिसऱ्या वेताची आहे, तीनदाच व्यालीय म्हणून सांगितलं. आठव्या वेताची होती. शिंगावरची वळी मी स्वतः कानशीनं तासली, फुटक्या काचेनं घासून गुळगुळीत केली आणि वर तेल चोळलं. का केलं ते विचारू नका. गायीचा मालक दुप्पट दलाली देत होता, म्हणून केलं."

ते काठीवर रेलून लेकीकडे वळले. "तासताना माझ्या डोक्यात एकच होतं. घेणारी बाई हात कुठं लावेल? तेवढंच मी साफ केलं. या माणसानं पण तेवढंच साफ केलंय. मला गाडीतलं काही कळत नाही, पोरी. हे मात्र कळतं."

मावशीनं डबा एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला आणि कुणाकडे न बघता घराकडे चालू लागली.

सिस्टरनं मोबाइल खिशात टाकला. "साहेब," ती म्हणाली, "गाडी घेऊन जा."

विकणाऱ्यानं वाद घातला नाही. हुशार माणूस होता. गाडीत बसण्याआधी त्यानं काकांना बाजूला घेतलं आणि हातात कार्ड दिलं. "काका, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे पाहिजे. पगार चांगला देऊ."

"गाड्या तपासायला?"

"नाही नाही. तयार करायला."

काकांनी कार्ड चिखलात टाकलं. पण जाताना गाडीच्या चाकाखाली ते छान दाबलं जाईल अशा बेतानं टाकलं.

त्यानंतर दोन दिवस लेक बापाशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "मावशीकडे गेलात?"

"नाही."

"जा."

"जातो," काका म्हणाले, आणि गेले नाहीत. बैलाच्या तोंडात हात घालायला ते कधी भ्याले नव्हते, पण विहिरीकडे जाणारी ती तीस पावलं त्यांना जमेनात. पाणी आणायला ते लांबच्या नळावर जायला लागले.

गाडी मिळाली पुढच्या आठवड्यात, बाजाराच्या गावात. एक पाववाला धंदा बंद करत होता, त्याची व्हॅन. पिवळा रंग उन्हानं विटलेला, एका बाजूला पोचा, दोन्ही अंगांना भल्यामोठ्या पावाचं चित्र. या वेळी लेकीनं बापाला पुढं केलं. काकांनी पट्टा शेवटपर्यंत ओढला, तो शेवटपर्यंत काळा होता. पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं, आणि आकडा होता एक लाख त्रेचाळीस हजार.

"दार कुरकुरतं," पाववाला आपणहून म्हणाला. "आणि तिसरा गिअर जरा समजावून टाकावा लागतो."

काकांना भरून आलं. बाजारात चाळीस वर्षं घालवली, पण विकणाऱ्याच्या तोंडून जनावराची खोड त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. "घ्या," ते म्हणाले. बऱ्याच वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला होता. सिस्टर मात्र तेवढ्यावर थांबली नाही. ती मागं गेली, सीट काढायला लावली आणि स्वतः पत्र्यावर आडवी झोपून बघितली. पाय लांब करूनही वीतभर जागा उरली.

गावानं व्हॅनला नावं ठेवली. गिरणीवाला म्हणाला, विकताना कवडी येणार नाही. मास्तरांनी पडदा शोधला, तो नव्हताच. वस्त्यांवरची पोरं पहिले काही दिवस पाव मागायला मागं धावली. त्या महिन्यात मात्र दोन बायका त्या पावाच्या चित्रामागं आडव्या झोपून वेळेवर दवाखान्यात पोचल्या, आणि मग नावं ठेवणं जरा कमी झालं.

आता खरी गंमत पुढं आहे. काकांना वाटलं होतं, गाव आपल्या तोंडाला काळं फासेल. निदान कुणी नमस्कार तरी करणार नाही. पण दुसऱ्याच सोमवारी दारात शिंपी उभा, हातात जुनी स्कूटर धरून. "घेऊ का काका?" त्याच्यामागं एक जण जुना मोबाइल घेऊन, त्याच्यामागं एक जण टेम्पोत फ्रीज घालून. गिरणीवाल्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं, "अहो, सरळ माणसाला लबाडी काय कळणार? काकांना ती आतून माहीत आहे. असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही." त्यानं गिरणीवर काकांसाठी खुर्ची ठेवली. मास्तरांनी "काकांचे बारा मुद्दे" असा कागद छापून घेतला आणि मोबाइलवर काकांच्या नावानं पान उघडलं. लोकांनी त्यावर काकांना पाचपैकी चार तारे दिले. एक तारा फटकळ तोंडाबद्दल कापला होता.

बावीस वर्षं खोटं बोलून मिळाला नव्हता एवढा मान काकांना एका खऱ्या वाक्यानं मिळाला. त्यांना तो गिळवेना. रात्रंदिवस त्यांना वाटायचं, एखाद्यानं तरी यावं आणि तोंडावर थुंकावं. पण लोक यायचे ते फ्रीज घेऊन.

आणि एका सकाळी मावशी आली. तिच्या हातात काहीच नव्हतं. सिस्टर व्हॅनमध्ये औषधांचे खोके भरत होती. काका ओट्यावर होते, ते उठून उभे राहिले.

"बसा भाऊजी," मावशी म्हणाली. "कुठली वस्तू दाखवायला आले नाही मी."

"वहिनी, मी येणारच होतो."

"बावीस वर्षं येत होतात की."

मावशी ओट्याच्या कडेला टेकली. "मला पंधराव्या दिवशीच कळलं होतं. तेल उडालं आणि कानशीचे ओरखडे दिसायला लागले. रोज धार काढताना डोळ्यांसमोर शिंगच असायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? गायीचं वय खरं की खोटं, हे सांगणारे गावात तुम्ही एकटेच होतात."

खोके भरणारी सिस्टर जागच्या जागी थांबली.

"चार महिने दूध दिलं तिनं," मावशी म्हणाली. "पुढं नऊ वर्षं नुसती खात उभी होती. गरीब होती पण. माझ्या पायाचा आवाज ओळखायची."

"विकून तरी टाकायची होतीत," काका कसेबसे म्हणाले. "नऊ वर्षं कशाला पोसलीत?"

"विकताना वय सांगावं लागलं असतं."

ती हे रागानं म्हणाली असती तर काकांना सोसलं असतं. ती पावसापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. "वहिनी, मला माफ—"

"ते राहू द्या आता. मला डोळे दाखवायला जायचंय. पोरगी तिकडंच चाललीय ना?"

"चला ना मावशी," सिस्टर म्हणाली. "पुढं बसा. बाबा मागं बसतील."

काका निमूटपणे मागं चढले आणि पत्र्यावर, जिथं अडलेल्या बायका झोपायच्या तिथं, मांडी घालून बसले. पुढचं दार कुरकुरत उघडलं. मावशी लगेच बसली नाही. तिनं खांबातला पट्टा धरला आणि ओढायला लागली. सगळा पट्टा बाहेर आला तेव्हा तिनं त्याचं टोक आपल्या धूसर डोळ्यांजवळ नेलं. दिसेना, म्हणून बोटानं चोळून बघितलं. मग नाकाला लावून वास घेतला.

"वहिनी, तो पट्टा मी बघितलाय हो," काका मागून म्हणाले.

"म्हणून तर बघतेय," मावशी म्हणाली, आणि पट्टा हळूहळू आत सोडून गाडीत बसली.